जेवले का जी?

कस्टमर केअरमध्ये बसणारीला रागावलेल्या माणसाची भीती वाटत नाही. ती भीती पहिल्या महिन्यातच मरते. मला भीती वाटते हसणाऱ्यांची, आणि ती अलीकडची आहे.

गोंदियात एका धान्य व्यापाऱ्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. कोणाचा फ्रिज बिघडला, कोणाची वॉशिंग मशीन बंद पडली की फोन आमच्याकडे येतो. काय बोलायचं ते वरून लिहून येतं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." कागदाबाहेरचा शब्द चालत नाही. माझ्या शेजारची मुलगी एका ग्राहकाला "थोडं समजून घ्या ना" म्हणाली, तर काही दिवसांत तिची खुर्ची रिकामी झाली. ही खुर्ची गेली तर मला गावी परत जावं लागेल, आणि गावात माझ्यासाठी स्थळांची यादी तयारच आहे.

एका दुपारी कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. मेकॅनिक येतो येतो म्हणायचा आणि येत नव्हता. ते इतके ओरडत होते की त्यांना धाप लागली. माझा कागद समोरच होता, पण तोंडातून निघून गेलं, "जेवले का जी?"

आमच्या सालेकशाकडच्या गावात कोणी तणतणत अंगणात आला की आधी हेच विचारतात. उत्तर देता देता माणूस खाली बसतो, पाणी पितो, मग भांडतो. मला हे कोणी शिकवलं नाही, बघत बघतच मी मोठी झाले. ते गृहस्थ म्हणाले, "चेष्टा करता माझी?" आणि फोन आपटला.

त्यांनी कॉल रेकॉर्ड केला होता. तो नेटवर टाकला आणि माझा आवाज सुटला तो सुटलाच. कोणी लिपस्टिक लावत त्यावर ओठ हलवले, कोणी खाली ढोलकी टाकली, कोणी तो आपल्या बकरीच्या तोंडी घातला. बकरीचा व्हिडिओ बघून मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण हसू संपायच्या आत मी मोबाईल पालथा ठेवला.

टीम लीडरने सगळ्यांना उभं करून ती क्लिप ऐकवली. "किसकी आवाज है ये? अभी बता दो." मी समोरचा कागद वाचत राहिले. कंपनीची ऑफिसं बऱ्याच गावांत आहेत, सगळीकडची रेकॉर्डिंग ऐकणं सुरू आहे म्हणाला. त्या दिवसापासून मी फोनवर आवाज बारीक करून बोलते. भाजीवाल्याकडे नुसतं बोट दाखवते.

अशात गावची मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, दुपारी दंडार हा नाच-नकलांचा खेळ होतो. पुरुषच साडी नेसून बाई होतात आणि गावाची टर उडवतात. बाबांना दंडारीचं वेड. आम्ही दोघं पुढेच बसलो होतो. साडी नेसलेल्या नाच्याने कानाला हेडफोनसारखा गमछा गुंडाळला, खुर्चीवर बसला आणि मान वेळावून म्हणाला, "हॅलो! जेवले का जी?"

लोक लोळले. बाबांनी मांडीवर थाप मारली. नाच्या पुन्हा म्हणाला, या वेळी हुबेहूब माझ्याच सुरात, आणि बाबांचं हसू थांबलं. रोज संध्याकाळी फोनवर मी त्यांना हेच विचारत असे.

दंडारीने आजवर कोणाला सोडलं नाही. सरपंचाची नक्कल झाली, गुरुजींची झाली. पण ज्याची नक्कल व्हायची तो समोर बसलेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशी नाच्या त्याच्याच ओट्यावर चहा प्यायचा. मोबाईलमधल्या हसण्याला ओटा नसतो, हे माझं मत आहे आणि ते मी कोणाशीही भांडून सांगेन. पण त्या दुपारी उभं राहून "ती मीच, आता पुरे" एवढं म्हणायची हिंमत मला झाली नाही. कारण आजूबाजूला मोबाईल वर धरलेले होते. सगळे नाच्याला टिपत होते. मी तोंड उघडलं असतं तर त्यात मीही आले असते.

बाबा उठले. "चाल घरी." वाटेत इकडेतिकडे बघत, आमच्याच शेताच्या बांधावर, कुजबुजले, "तो आवाज तुया होय ना?"

मी मान हलवली.

"काऊन घाबरून राहिली? मी आहो ना," ते म्हणाले. पण ज्या माणसाला मी रानातल्या अस्वलासमोर ओरडताना पाहिलं आहे, तो मोबाईल खिशातून काढून, बंद करून, पुन्हा खिशात ठेवत होता.

माझी खुर्ची अजून आहे. रेकॉर्डिंग अजून ऐकली जात आहेत. संध्याकाळी बाबांचा फोन येतो. मी उचलते, आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत ते घाईघाईने म्हणतात, "जेवलो मी, जेवलो." मग आम्ही दोघंही गप्प बसतो, कोणी ऐकत असल्यासारखे.