दाजींची पुढची सीट

डिसेंबरचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. गॅरेजवाल्याने नंतर सांगितलेला खर्चाचा अंदाज चौसष्ट हजार तीनशे रुपये. गाडीत माणसं चार: स्टिअरिंगवर माझी एकोणीस वर्षांची मुलगी, तिच्या शेजारी माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, मागे बहीण आणि मी. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचे दोन महिने घरात जे भांडण चाललं ते कोण कुठे बसलं होतं एवढ्यावरूनच चाललं.

मुलीकडे शिकाऊ परवाना होता. गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ चिकटवलेला होता. शिकणाऱ्याच्या शेजारी पक्का परवाना असलेला माणूस पाहिजे, हा नियम मला माहीत होता आणि तोवर रोज मीच शेजारी बसत होतो. त्या दिवशी दाजी आणि बहीण पूर्ण्याहून रेल्वेने परभणीला आले. दाजींच्या वारलेल्या चुलत्याचं पुण्यानुमोदन गंगाखेडला होतं, तिथे आम्हाला सोबत जायचं होतं. बहिणीच्या नवऱ्याला मागे बसवून आपण पुढे बसायचं, असं आमच्याकडे कोणी करत नाही. दाजी स्टेशनाबाहेर आले ते थेट पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी दार उघडून दिलं. दाजींची सगळी नोकरी रेल्वेत गेली. सायकलीपलीकडे त्यांनी काही चालवलेलं नाही.

चालवता येत नसलं तरी सांगता येतं. हॉर्न दे, ह्याला जाऊ दे, त्याला जाऊ देऊ नको, असं सगळ्या रस्त्याने चाललं होतं. सीटचा पट्टा त्यांनी नुसता छातीवर धरून ठेवला होता. खटका लावला की गुदमरायला होतं म्हणाले. गंगाखेडच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली टायर फुटून अर्ध्या रस्त्यावर उभी होती. मुलीने वेग कमी केला होता, ती थांबलीच असती.

“डाव्या अंगानं काढ,” दाजी म्हणाले, “लय जागा हाय.”

थोरल्या माणसाने सांगितलं, तिने काढली. जागा नव्हती. ट्रॉलीच्या कोपऱ्याने उजव्या बाजूचा दिवा, बॉनेटची कड आणि दार सोलून काढलं, आणि दाजींचं कपाळ समोर आपटलं. पाच टाके पडले. दवाखान्याचे दोन हजार तीनशे मी द्यायला लागलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दिले. ट्रॉलीची मागची फळी मोडली होती, तिचे बाराशे मी ट्रॅक्टरवाल्याला जागेवरच दिले.

संध्याकाळी पॉलिसी विकणारा एजंट घरी आला. अपघात ऐकून त्याला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. घसारा वगैरे वजा जाता एक्कावन्न हजार सुटतील, असा हिशोब त्याने चहा येण्याआधीच केला. अट एकच. पुढे मी बसलो होतो असं लिहायचं.

“साहेब, तुम्ही गाडीत होतातच की. एका सीटचा तर फरक.”

मी म्हणालो, त्या सीटसकट सगळं खरं लिहू. तो हसला. दुसऱ्या दिवशी मुलीच्या नावाचा जबाब तो तयार करूनच घेऊन आला, फक्त सही राहिली होती. मुलगी हातात पेन धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी मान हलवून नाही म्हटलं. एजंटाने कागद घडी करून खिशात घातला आणि माझ्या बायकोला सांगून गेला की असल्या गिऱ्हाइकांनी धंदा बसतो.

दाजींचं नाव कंपनीला सांगायचं तर त्यांना आधी कळवणं माझं काम होतं. मी फोन लावला. आधी त्यांना वाटलं मी टाक्यांची चौकशी करतोय.

“म्हंजी गाडी म्या ठोकली, असं लिहायलास का?”

मी म्हणालो, तुम्ही कुठे बसला होता तेवढंच.

“पुढं बसवलास ते मान म्हणून का साक्षीदार म्हणून?”

मग त्यांनी माझी नोकरी काढली. पंचायत समितीत बाकीचे बंगले बांधायलेत आणि तू हरिश्चंद्र व्हायलास, म्हणाले. मी पंचशील काढलं. खोटं बोलणार नाही असं आपण दर कार्यक्रमात हात जोडून म्हणतो, त्यात विमा कंपनीला सूट दिलेली मी ऐकली नाही, असं मी म्हणालो.

“पंचशील विहारात म्हणायचं असतंय, इन्शुरन्सवाल्याम्होरं न्हाई. आन् ऐक. माझं नाव त्या कागदावर गेलं, तर तुझी बहीण तुझ्या दारात येणार न्हाई. हे बी लिवून ठेव, लिवायची लय हौस हाय तर.”

जयभीम न म्हणता त्यांनी फोन ठेवला. आमच्या नात्यात हे पहिल्यांदा झालं.

बायकोला हिशोब माझ्याइतकाच येतो. एक्कावन्न हजार आणि नणंद, दोन्ही एका सीटपायी घालवायला निघालात, असं तिने ताट वाढताना सांगितलं आणि त्यानंतर आठवडाभर ताट वाढलं, बोलली नाही. मी तिला समजावलं नाही. ती चूक बोलत नव्हती.

बुधवारी कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजवर आला. पोरगेलासा, घाईत. फोटो काढता काढताच म्हणाला, “काका, शेजारी तुम्हीच ना?” आणि माझ्या तोंडाकडे न बघता लिहायलाही लागला.

“मी मागे. शेजारी माझे दाजी. त्यांच्याकडे परवाना नाही.”

तो लिहायचा थांबला. “मग मला कशाला बोलावलं?”

अपघात झाला की कळवायचं, असं तुमच्याच पॉलिसीत आहे, असं मी म्हणालो. त्याने गॅरेजवाल्याकडे बघितलं, दोघं हसले, आणि गॅरेजवाल्याने तिथल्या तिथे माझ्याकडे निम्मे पैसे आगाऊ मागितले. कंपनी देणार नाही हे त्याला कंपनीच्या आधी कळलं होतं. मग सर्व्हेअरने मुलीला विचारलं, डावीकडून कशी काय घातली. दाजी तिथे नव्हते. तिला सगळं त्यांच्यावर टाकता आलं असतं.

“सांगितलं त्यांनी,” ती म्हणाली. “पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं.”

महिन्याने पत्र आलं. अटीचा भंग झाल्याने दावा नामंजूर. त्यात अपघाताच्या वेळी गाडी चालवणारा म्हणून माझं नाव होतं. मी एवढं खरं सांगून, बहिणीचं येणं पणाला लावून, नकार मिळवला, तो नकारही त्यांना खरा लिहिता आला नाही. दुरुस्तीसाठी मी लेखी कळवलं. उत्तर आलं, फाइल बंद झाली आहे. दुसऱ्यांदा कळवलं, त्याला उत्तरच नाही. त्या कंपनीच्या कागदांत अजूनही गाडी मीच ठोकलेली आहे.

दर रविवारी येणारा बहिणीचा फोन बंद होता. मी लावला की दाजी उचलायचे, माझा आवाज ऐकून ठेवायचे. जानेवारीत माझ्या आईचा स्मृतिदिन झाला, पहिल्यांदाच बहिणीशिवाय. आलेल्या प्रत्येकाने ती कुठे आहे विचारलं, आणि मी प्रत्येकाला खरं कारण सांगितलं. त्यात बायकोच्या अबोल्याचा अजून एक आठवडा गेला.

फेब्रुवारीत एका दुपारी बहीण एकटीच दारात उभी. पूर्ण्याहून रेल्वेने आलेली, हातात नुसती पर्स. चप्पल न काढता उंबऱ्यावरूनच म्हणाली, “त्यांनी टाक्याचे पैसे मागितलेत. दोन हजार तीनशे.”

मी म्हणालो, मी त्याच दिवशी देत होतो.

“तवा मान होता. आता हिशोब हाय.”

बायको पाणी घेऊन आली. बहिणीने पेल्याकडे बघितलं. “पाणी बी प्यायचं न्हाई म्हणून सांगितलंय,” ती म्हणाली, आणि मग चप्पल काढून आत येऊन बसली. “चहाचं काई बोलले न्हाईत.”

चहा झाला. तिने मुलीला विचारलं, पक्का परवाना मिळाला का. मिळाला होता. गाडी दारातच उभी होती, उजवं दार नवं, रंगात जरा वेगळं. मुलगी म्हणाली, आत्या, स्टेशनावर मी सोडते. बहीण म्हणाली, रिक्षानं जाईन, ह्या गाडीत बसले म्हणून त्यांना कोणी सांगितलं तर मिटत आलेलं बी मिटायचं न्हाई.

ट्रॅक्टरवाल्याला बाराशे. गॅरेजवाल्याला दोन हप्त्यांत बासष्ट हजार सातशे पन्नास. विमा कंपनीकडून काही आलं नाही. दाजींचे दोन हजार तीनशे रोख, बहिणीच्या हातात.