मागच्या दारचं झाकण

सोमनाथला घाणीची किळस फारशी येत नसे, माणसांची येई. घाण बिचारी वाट मिळेल तिकडे वाहते. पण ती घाण करून, तिच्यावर झाकण टाकून, त्या झाकणावर पुन्हा रांगोळी काढणारी माणसं पाहिली की त्याला मळमळायला लागे. तसं तो चारचौघांत बोलूनही दाखवी आणि बोलून झालं की बाजूला पचकन थुंके.

वरवे बुद्रुकला हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं शेड होतं. पुढच्या मोकळ्या जागेत सिमेंटचे पाईप, रिंगा आणि झाकणं ओल्या गोणपाटाखाली पडलेली असत. जमिनीखालून सांडपाण्याची लाईन जाते, तिच्यात उतरायला, काठी घालायला, तुंबारा काढायला जागोजागी जे चौकोनी किंवा गोल खड्डे बांधतात, ती चेंबरं हा सोमनाथचा धंदा. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुणाला गल्लीत भुयारी गटार करायचं असलं की सोमनाथला बोलावणं जाई. माघारी लोक त्याला ‘गटारशेठ’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

चेंबर तो कधी कागदावर काढत नसे. जागेवर जायचं, चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापाची रेघ मारायची, पँट गुडघ्यापर्यंत सरकवायची आणि त्या रेघेच्या आत उकिडवं बसायचं. मग भर रस्त्यात बसून दोन्ही हातांनी काहीतरी उपसल्यासारखं करायचं. कोपर रेघेबाहेर गेलं की रेघ पायाने पुसून मोठी करायची. बघणारे फिदीफिदी हसत. तो उठून हात झटकत म्हणे, “आत माणूस उतरनार हाय, घूस न्हवं. त्याचं कोपार फिराया नको?”

तळाची तर त्याला फारच काळजी. मधोमध पाईपाएवढी अर्धगोल नाळ, दोन्ही अंगांनी तिच्याकडे ढाळ, आणि सिमेंट असं घोटलेलं की भाताचं शीत टाकलं तर तेही न थांबता पुढे गेलं पाहिजे. आडवी लाईन मुख्य लाईनीला सरळ भोसकायची नाही, वळवून आणायची. झाकण एकट्या माणसाला उचलता आलं पाहिजे. ह्यातलं काहीही कमी करा म्हटलं की सोमनाथचं डोकं फिरे.

आणि लोक नेमकं तेच म्हणत. “एवढं मोठं कशाला, सोमाशेठ? आपल्याला थोडंच त्यात उतरायचंय?” हे वाक्य त्याने इतक्या दारांत ऐकलं होतं की समोरच्याने तोंड उघडलं की त्याला पुढचं कळे. उत्रोलीत एका गल्लीत प्रत्येकाला लाईन हवी होती, पण चेंबर हवं होतं शेजाऱ्याच्या दारात. हा त्याच्याकडे ढकलतो, तो ह्याच्याकडे. शेवटी सोमनाथने फक्कीची बादली टेम्पोत टाकली आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “खाऊ नगा मग. खाल्लंच न्हाई तर जायचं कुठं काय?”

ह्या स्वभावापायी त्याला एक खोड लागली होती. कुणाच्या घरी लग्न असो, पूजा असो, दहावा असो, सोमनाथ पाच मिनिटांत मागच्या दारी दिसायचा. वाकायचा, झाकण उचलायचा, नाक फेंदारून आत बघायचा. आत जे दिसेल त्यावरून त्या घरातली माणसं कशी, हे तो ठरवून टाकी. त्याची बायको रत्ना शरमेने अर्धी होई. “अवो, पाव्हण्याच्या घरी तरी दम धरा,” ती म्हणे. पण पुढचं दार लोकांना दाखवायला असतं, खरं घर मागच्या दारी कळतं, ह्यावर त्याचा ठाम विश्वास.

स्वतःच्या घराचा मात्र त्याला भारी अभिमान. “आमच्या घरचं चेंबर बांधल्यापास्नं एकदा तुंबलं न्हाई,” असं तो गिऱ्हाइकांना सांगे. ते तो रोजंदारीवर गवंडीकाम करत होता तेव्हाचं, उरल्यासुरल्या विटांत बांधलेलं. पुढे धंदा वाढला, पण तुंबतच नाही म्हटल्यावर ते उघडून बघायचं कारण पडलं नाही. रत्नाही तशीच टापटिपीची. तिच्या हाताला कायम लिंबाचा वास. जेवायला बसलं की तो वास आधी यायचा आणि मग भाकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या घाणीत घालवलेल्या माणसाला एवढं सुख पुरे होतं. “हिच्यासारखी स्वच्छ बाई तालुक्यात न्हाई,” हेही तो गिऱ्हाइकांना सांगे.

शेडवर मात्र त्याचं कुणाशीच पटत नसे. गेल्या वर्षी त्याची सिमेंट घोटायची आवडती थापी हरवली. शिसवी मुठीची, हाताला बसलेली. त्याने तो आळ गेनूवर घेतला. गेनू शेडवर सुरुवातीपासून कामाला होता. त्याने लेकराची शपथ घेतली, तरी सोमनाथने पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलणं ठेवलं नाही.

आणि अशातच शेफालीचं स्थळ आलं.

शेफाली त्याची एकुलती एक मुलगी, नसरापूरला एका पतसंस्थेत कामाला. स्थळ आणलं रत्नाच्या भावाने, हनुमंताने. वेल्ह्याच्या अंगाला घर, भाताची शेती, मुलगा सार्थक हायवेवरच्या एका कंपनीत. हनुमंताच्याच घरी दोघांची गाठ पडली आणि मग फोनवर बोलणं सुरू झालं. शेफाली बोलता बोलता अंगणात जायची आणि परत यायची तेव्हा उगीचच हसरी असायची. सोमनाथने ते बघितलं होतं. पोरीच्या तोंडावरचं ते हसू आपल्या जिभेने पुसलं जाऊ नये म्हणून त्याने ह्या खेपेला गप्प बसायचं ठरवलं. पोरीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात तसे तो आणि हनुमंता निघाले, तेव्हा रत्नाने टेम्पोपाशी येऊन हात जोडले. “झाकन उचलू नगा. माझी शप्पत हाय.”

“न्हाई उचलत,” सोमनाथ म्हणाला, आणि खरोखरच मनापासून म्हणाला.

घर दुमजली होतं. पुढे पोर्च, पोर्चमध्ये झोपाळा, आत पाय घसरेल अशी चकाकती फरशी. मुलाचे वडील आनंदराव मोकळे गृहस्थ. त्यांनी माडी दाखवली, गच्ची दाखवली, पाण्याच्या टाक्या दाखवल्या. पोहे आले, चहा आला. सोमनाथने पोह्याचा घास तोंडाजवळ नेला आणि त्याचं नाक जागं झालं. अगदी बारीक, अगरबत्तीच्या आडून येणारा, आंबूस वास. दुसऱ्या कुणाला आला नसता. त्याने घास बशीत परत ठेवला. हनुमंताने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, तरी तो उठलाच. “हात धुऊन येतो,” म्हणाला.

मागच्या दारी मोरीला लागून एक शहाबादी फरशी आडवी टाकलेली. कडी नाही, खाच नाही. रत्नाची शपथ त्याला आठवली. मग शेफाली आठवली, आणि त्याने बोटं घालून फरशी उचलली.

आतून असा भपकारा आला की त्याच्यासारख्या माणसानेही तोंड फिरवलं. घागर मावणार नाही एवढा अरुंद खड्डा. पाणी आत येतं त्याच्यापेक्षा बाहेर जायचा पाईप वर. तळ सपाट. काळाशार साका, त्यावर तेलाचा तवंग, भाताची फुगलेली शितं, केसांचा गुंता, आणि साक्यात अर्धी रुतलेली हिरवी काचेची बांगडी. भिंतीच्या कडेला एक चेपलेली पितळी पातेली होती, काठाला दोरी बांधलेली. पातेलीच्या बुडाला तोच काळा चिकटा.

“राहू द्या, राहू द्या काका!” घरातली थोरली सून धावत आली. वैजयंता तिचं नाव. मघाशी पोहे तिनेच आणले होते. ती शरमून गेली होती. “पाव्हनं येनार म्हनून कालच काढलं हुतं. परत भरलं मेलं.”

“कोन काढतं हे?”

“कोन म्हंजी? मीच की.”

“हातानं?”

“पातेलीनं वरचं निगतं. तळाचं हातानंच काढाया लागतं.” मग पाहुणा रागावलेला दिसतोय म्हणून त्याला बरं वाटावं अशा बेताने ती हसून म्हणाली, “आता जाऊबाई आली की पाळ्या लावू आमी.”

सोमनाथने फरशी होती तशी परत टाकली. ह्याच हातांनी मघाशी पोहे आले होते, आणि त्या हातांत त्या बाईचा काही दोष नव्हता, म्हणून तर त्याला जास्तच शिसारी आली. गच्ची दाखवणाऱ्याची, झोपाळ्याची, त्या चकाकत्या फरशीची. तो आत आला तेव्हा आनंदरावांनी हसून विचारलं, “मग पाव्हणं, कसं वाटलं घर?”

“पुढनं चांगलं हाय,” सोमनाथ म्हणाला आणि चपला घालायला लागला.

नसरापूर येईपर्यंत हनुमंता त्याला बोलत होता. “दाजी, तुमच्या ह्या खोडीपायी पोरगी घरात बसंल! चेंबरशी लगीन लावताय का पोराशी?” सोमनाथ स्टिअरिंग धरून बसला होता. त्याला पाळ्या दिसत होत्या. एक दिवस वैजयंता, एक दिवस शेफाली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने सगळं सांगितलं. शपथ मोडल्याचंही सांगितलं. सांगता सांगता तो पेटत गेला. “वर टाईल्स, खाली नरक! बाईमानसाला हात घालाया लावत्यात त्यात, आन् झोपाळ्यावर बसून च्या पित्यात. थू त्यांच्या जिनगानीवर! तसल्या घरात पोरगी देन्यापरीस…” रत्ना भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. शेफाली उठली. मोबाईल घेऊन अंगणात गेली.

ती परत आली तेव्हा तोंडावर हसू नव्हतं. “सांगितलं मी त्याला. नको म्हणून.”

सोमनाथच्या काळजात कळ आली, पण अभिमानही वाटला. “माझी पोरगी शोभतीस. काय म्हनला त्यो?”

“मी त्याला एकच विचारलं. तुमच्या घरचं चेंबर कोण काढतं? तर म्हनला, म्हाईत न्हाई. मी म्हटलं, राहता त्याच घरात ना? तर म्हनला, तुंबतच नसंल.”

“तुंबतच नसंल!” सोमनाथ मोठ्याने हसला. “बघा, गाढव! त्याच्यायला, भावजय हातानं उपसतीय आन् ह्यो म्हंतो…”

“पप्पा,” शेफाली म्हणाली, “आपलं कोण काढतं?”

“आपलं तुंबतच न्हाई. म्या बांधलंय ते.”

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याच्या कानावर पडलं. चुलीपाशी रत्ना घाईने म्हणाली, “गप गं शेफे. जेवू दे त्यास्नी.”

तो जेवत्या ताटावरून उठला. मागच्या दारी गेला. आयुष्यभर लोकांची झाकणं उचलली, ह्याला मात्र हात लावायला तो कचरला. मग उचललं. तोच भपकारा. अरुंद खड्डा, सपाट तळ, काळा साका. तरुणपणी उरल्या विटांत बांधताना ढाळ चुकला होता, तो त्याला आता पहिल्या नजरेत दिसला. दुसऱ्या कुणाच्या घरी असता तर तो तिथेच थुंकला असता. कडेच्या विटेवर पिळलेल्या लिंबांच्या वाळक्या फोडी पडल्या होत्या, आणि भिंतीच्या फटीत खोचून ठेवली होती शिसवी मुठीची थापी. तिचं पातं साक्याने काळं पडलं होतं.

त्याने थापी काढली, उकिडवा बसला आणि हात आत घातला. कोपर फिरेना. विटेला घासून सोलवटलं. हात गाळात तसाच धरून तो बसून राहिला. किळस घशापर्यंत आली होती आणि ह्या वेळी ती कुणाच्या नावावर टाकावी ते त्याला समजत नव्हतं.

रत्ना दारात येऊन उभी राहिली.

“कवापास्नं?” त्याने मान न वळवता विचारलं.

“पयल्यापास्नं. तुमी दिसभर लोकांच्या घानीत मरता. घरी आल्यावर बी तेच कशाला?” मग ती जरा घुटमळून म्हणाली, “थापी मीच आनली व्हती. गेनूला बोलला तवा सांगनार हुते. धीर न्हाई झाला.”

तिच्या मागे शेफाली होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. “त्याला नको म्हनाले मी, पप्पा. तुमाला कसं म्हनू?”

सोमनाथने हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काळा झाला होता. तो नळाकडे गेला, साबणाने धुतला, परत धुतला, नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. रत्ना आत गेली आणि अर्धं लिंबू घेऊन आली.

“हे घ्या, चोळा,” ती म्हणाली. “नुसत्या साबनानं न्हाई जात त्यो.”