साक्ष द्यायला आलेल्या बाया

माझ्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. पाद्रीसाहेबांचा नाही, टोल्यावरच्या लोकांचा नाही, सख्ख्या भावाचा पण नाही! भाऊ म्हणाला, "कुसुम, शिकली तू चौथी, पन गप्पा पंधरावीच्या हानतं." मी भांडकुदळ आहे, हे कबूल. पण खोटं मी बोलत नाही. म्हणून लिहून ठेवते. ज्याला पटेल त्याने वाचावं, ज्याला पटणार नाही त्याने कागद परत करावा.

मिशनच्या कामात किस्से मोहफुलांसारखे पडतात. सकाळी टोपली भरून वेचा, दुसऱ्या दिवशी झाडाखाली पुन्हा तेवढेच! वेचणारी थकते, झाड थकत नाही.

ऐंशीनंतरची सालं ती. मी आणि मार्थाबाई आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलगावांत प्रचाराला फिरायचो. मिशनचा नियम असा, की जोडीनं जायचं, एकटीनं नाही. मार्थाबाई वरोऱ्याची. बोलणं कमी, गळा गोड, चालताना अर्धी झोपेत. मी सिंदेवाहीकडची. मी गायला लागले की मिशनचा कुत्रा उठून जायचा. ही जोडी देवाने जमवली म्हणतात. मला वाटतं, पाद्रीसाहेबांना दोन कटकटी एकदम बाहेर पाठवायच्या होत्या!

*

टोल्याचं नाव सांगत नाही, लोक अजून आहेत तिथे. वीसेक घरं, भोवती साग, मधे एक मोठा मोह. पहिल्यांदा गेलो त्या सकाळी धुकं जमिनीवर असं बसलं होतं, की फुलं वेचणाऱ्या बाया कमरेपासून वरच दिसत होत्या. जशा काही धुक्यातूनच उगवल्या होत्या! मार्थाबाई बघतच राहिली. मग मीच घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाले, "बायांनो, भाऊंनो, आम्ही साक्ष द्यायला आलो!"

देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष देणं म्हणतात. मंडळीत हा शब्द निघाला की म्हातारे पुढे सरकून बसतात.

इथे पाच मिनिटांत अंगणं रिकामी! एक जण नव्या सागी दाराच्या चौकटीवर घोंगडी टाकत होता. एक बाई पाटावर बसली ती उठेचना. शेवटी गावचे म्हातारे पाटील, कोटूभाऊ, काठी टेकत आले आणि हळूच विचारलं, "कोनाच्या केसमधी?"

तेव्हा मला उमगलं. टोल्यात साक्ष एकाच कामाची. साग तोडताना कोणी सापडला, की कोर्टात उभं राहून बोलायचं, ती!

मी म्हणाले, "कोटूभाऊ, कोणाच्या केसमधी नाही. ही देवाची साक्ष!"

ते काठी आडवी ठेवून खाली बसले. मग म्हणाले, "देवानं बी साग तोडला का?"

*

मार्थाबाईची प्रार्थना म्हणजे लांबचा प्रवास. डोळे मिटले, हात वर केले, की ती जायची कुठे कोण जाणे! एकदा मोहाखाली तशीच उभी होती. उन्हाचे कवडसे तिच्या तोंडावर हलत होते, वरून एकेक फूल टपकत होतं, एक तर सरळ तिच्या केसांत. मी सुद्धा गप्प बसले, आता बोला!

बायांना वाटलं, हिच्या अंगात आलं.

बुधरीबाई नावाची म्हातारी पुढे झाली, तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "माय, माही म्हैस तीन दिवसापासून नाई. कुठी गेली सांग."

मार्थाबाईला ऐकूच गेलं नाही. तिने "आमेन" म्हणून उजवा हात थोडा लांब केला. बुधरीच्या नातवाने त्या दिशेला धूम ठोकली. टेकडीमागच्या डबक्यात म्हैस!

पुढच्या खेपेला मोहाखाली रांग. कोणाची गाय, कोणाची शेळी, आणि एकीचा नवरा! मार्थाबाई घाबरून म्हणाली, "कुसुमबाई, मी आता हात खाली ठेवूनच प्रार्थना करीन."

मी म्हणाले, "खाली करशील तर विहिरीत शोधतील!"

*

आशीर्वादाचं म्हणाल, तर तो द्यायला आम्ही जायचो आणि घेऊन यायचो. बुधरी आजारी पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. तिने आमचेच हात धरून ठेवले. तिचे तळवे मोहाच्या वासाचे, उबदार. म्हणाली, "किती चालता वं बायाहो. बसा. झोपा थोडंसं." आणि आम्ही दोघी खरंच झोपलो, तिच्या खाटेशेजारी, भर दुपारी! जाग आली तेव्हा आजारी म्हातारी आम्हाला पंख्याने वारा घालत होती.

*

नदी ओलांडायला डोंगा. डोंगेवाला लचमय्या सिरोंच्याकडचा, अर्धं बोलणं तेलुगूत. एका सकाळी नदीवर दोन्ही काठ दिसत नव्हते, वर आभाळ नाही, खाली पाणी नाही, सगळं दुधासारखं. मधोमध त्याने वल्हं वर घेतलं.

मी ओरडले, "काय झालं रे भाऊ?"

"काही नाई, बाई. तुमची गोष्ट सांगा आता. गावात सांगता तं लोक उठून जाते. इथून कोनी उठून जात नाई."

असा ऐकणारा मला जन्मात मिळाला नव्हता! मी अगदी पहिल्यापासून सुरू केलं. बाग, साप, पूर, नाव, समुद्र. मार्थाबाई मधे मधे गायली. लचमय्या डोळे मिटून मान डोलवत होता. धुकं उठलं तेव्हा काठावर अनोळखी झाडं, अनोळखी बाया कपडे धुत होत्या.

लचमय्या म्हणाला, "गोष्ट लय चांगली हाय, बाई. पन लांब हाय. आपन दोन गावं खाली आलो."

*

हे सगळं मी रिपोर्टात लिहायची. पाद्रीसाहेब चष्मा काढून म्हणाले, "कुसुमबाई, रिपोर्ट लिहा. स्वप्नं लिहू नका."

मी म्हणाले, "साहेब, एकदा चालत येऊन बघा! बुटाची पॉलिश राहिली तर नाव बदलीन."

ते आले नाहीत.

*

मग टोल्यातल्या मनिरामचं प्रकरण झालं. पोरीच्या लग्नाआधी त्याला घराच्या छपराचा आडा बदलायचा होता. साग तोडला, गाडीत घातला, आणि गाडी बैलांसकट जंगलखात्याच्या लाकूड डेपोत अडकली. मनिराम पायी परत आला आणि मोहाखाली बसून सांगू लागला, "आठ-दहा जनं झाडीत दबा धरून होते. चारी बाजूनं घेरलं मले. कोनीतरी चुगली केली."

कोणी? सगळ्यांना एकच नाव सुचलं.

आम्ही गेलो तर बुधरीने पाण्याचा पितळी गुंड आत नेला आणि दार लावलं. ज्या म्हातारीने वारा घातला होता, तिने! कोटूभाऊ रागावले सुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाई, तू पयल्याच दिशी सांगतलं होतं, साक्ष द्यायले आलो म्हनून. चूक आमचीच. आमाले आयकू नाई आलं."

मी ओरडले, शपथ घ्यायची आमच्यात मनाई, तरी घेतली. उपयोग शून्य. पाद्रीसाहेबांच्या कानावर गेलं, त्यांनी तर कागदच काढला: कुसुमबाईची बदली वरोऱ्याला, मार्थाबाईला दुसरी जोडीदार. मार्थाबाई रडली नाही. तिने माझ्या पिशवीतलं माझं गीतांचं पुस्तक काढलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं. म्हणाली, "आता हे घ्यायला तरी तुला परत यावं लागेल."

हातात आठवडा होता. जंगल सुटलं असतं तर सोसलं असतं. पण चुगलखोर म्हणून मी जाणार नव्हते!

*

कोटूभाऊंना म्हटलं, "चला डेपोत. चुगली ज्याच्या कानात गेली, त्यालाच विचारू." मनिराम म्हणाला, मले ताप हाय. मी त्याच्या गळ्यातला दुपट्टा धरला. ताप उतरला!

डेपोत सागाच्या थप्प्याच थप्प्या, नंबर घातलेल्या, ओळीने निजलेल्या. उन्हात भुसा सोन्यासारखा तरंगत होता, मार्थाबाई पुन्हा बघतच राहिली. डेपोचा राखणदार, नाकेदार, चहा पीत बसला होता. मनिरामचे दोन्ही बैल आंब्याखाली रवंथ करत होते.

मी म्हणाले, "नाकेदारभाऊ, या माणसाची चुगली कोणी केली? मी केली का? माझ्या तोंडावर सांगा!"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मनिरामकडे. "काऊन रे, तू या लोकाईले सांगतलं नाई का?"

मनिराम थप्पीवरचे नंबर वाचू लागला. त्याला वाचता येत नाही!

नाकेदार म्हणाला, "बाई, मी असाच चहा घेऊन इथीच बसलो होतो. सकाळचं धुकं. फाटक उघडं. गाडी आपली आपली आत आली, कोनी हाकून नाई राह्यलं. माप घेतो त्या दगडापाशी बरोब्बर थांबली. मी म्हटलं, कोन्या ठेकेदाराचा माल? चढून पाह्यलं तं लाकडावर हा भाऊ घोरून राह्यला. हलवून उठोलं. मलेच विचारते, 'घर आलं का?'"

कोटूभाऊ लाकडावर बसले. "आन दबा धरून होते ते आठ-दहा जनं?"

"इथी मी एकलाच, भाऊ. दुसरा सुट्टीवर." मग त्याने कपानेच आंब्याखाली दाखवलं. "तो डावा पाहा. ठेकेदाराच्या गाडीले लय वर्सं इथीच चालला. म्हातारा झाला म्हनून बाजारात इकला. यानं घेतला. मांगं साग भरला, का त्याले एकच रस्ता ठाऊक."

मार्थाबाईने पदर तोंडाला लावला. कोटूभाऊ उठले, काठी टेकत बैलापुढे जाऊन उभे राहिले आणि खूप वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. बैलानेही नजर हटवली नाही.

"मनिराम," ते म्हणाले, "संध्याकाळी पंच बसते. चुगली कोनं केली, त्याचं नाव मले चार लोकात सांगा लागन. काय म्हनता या बैलाले?"

मनिराम अंगठ्याने भुसा उकरत होता. अगदी हळू म्हणाला,

"रेंजर."