घाटातला वाऱ्याचा खांब

आधी खानावळवाल्या मावशींचे उपकार सांगतो, मग घटना. मी परभणीकडचा. दहावीनंतर शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि नोकरीच्या अखेरीस सहायक फौजदार होऊन चाकणला आलो. कुटुंब गावाकडेच. ठाण्याजवळ मावशींची खानावळ होती, माझं दोन्ही वेळचं जेवण तिथेच. पुढे जे निभावलं ते त्यांच्यामुळे.

ती घटना अजून मनातून जात नाही. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पवनचक्क्या उभारणाऱ्या एका कंपनीचे एक तरुण इंजिनीअर तक्रारी अर्ज घेऊन आले. खेड तालुक्यातल्या एका पठारावर वारा मोजण्यासाठी त्यांनी उंच लोखंडी खांब उभारला होता, चहूबाजूंनी तारांनी ताणलेला. खांब, तारा, यंत्रं, सगळंच भरदिवसा गायब! रखवालदार जेवून परतला तेव्हा त्याला बरीच माणसं पठार उतरताना दिसली. त्यातला एकच जण त्याच्या ओळखीचा निघाला, म्हणून अर्जात त्याचं एकट्याचं नाव होतं. तो मावशींचा भाचा.

भाच्याची चाकणच्या एका कारखान्यात निवड झाली होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बाकी होती. चोरीचा गुन्हा दाखल झाला की नोकरी गेलीच म्हणायची. त्या दुपारी ताटावर बसलो, पण भाकरी नुसती कुस्करत राहिलो. मावशींना बातमी आधीच लागली होती.

“भाऊ, भाच्यासाठी खोटं लिहू नका,” त्या म्हणाल्या. “पर ठाण्यात बसून खरंबी कळायचं न्हाई. पठाराखालचं गाव माझं म्हायेर हाय. पठारावर जावा, आन् बैलाच्या वाटंनं चाला.”

“म्हणजे कसं?”

“जत्रा तोंडावर आलीया. चाललात की कळंल. जेवा आता, आमटी निवली.”

मी साहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, “आधी बघून या, मग गुन्ह्याचं ठरवू.” स्टेशन डायरीत नोंद करून एका शिपायाला आणि इंजिनीअरांना घेऊन निघालो.

जत्रेत बैलगाडे ज्या चढावरून पळतात त्याला तिथे घाट म्हणतात. आम्ही पायथ्यापासून घाट चढलो. वर पोचलो आणि मावशींचं म्हणणं उमगलं. जीव खाऊन पळत आलेले बैल माथ्यावर येऊन लगेच थांबत नाहीत, त्यांना पुढे मोकळं रान लागतं. तारांच्या खुंट्या नेमक्या त्या रानात ठोकलेल्या होत्या. धावत्या बैलाला तार दिसते थोडीच! बैलही गेला असता आणि गाड्यामागचा माणूसही.

इंजिनीअर कपाळाला हात लावून म्हणाले, “आम्ही पाहणीला आलो तेव्हा इथे नुसतं माळरान होतं हो. जमीनमालक पिंपरीला राहतात, त्यांची सही घेतली. गावात कोणाला विचारायचं सुचलंच नाही.”

मग देवळाच्या पारावर चौकशीला बसलो. खांब कोणी काढला? पहिला म्हणाला, “म्या.” दुसरा म्हणाला, “म्या एकल्यानं.” तिथला रिवाजच तसा. देवळात बसून ठरलेलं काम अंगावर आलं, तर एकाला पुढे करून बाकीचे मागे सरत नाहीत. काठी टेकत एक आजोबा आले.

“सायेब, लिवा. म्याच काढला.”

“आजोबा, केवढा तो खांब! तुम्ही एकट्याने?”

“तवा अंगात जोर व्हता.”

“मागच्या आठवड्यात?”

“व्हय!”

सगळा पार हसला. माझ्यासोबतच्या शिपायाने तोंड फिरवलं, त्यालाही आवरेना. चोर विचारला की सगळं गाव उभं राहणार, हे मला कळलं. म्हणून प्रश्नच बदलला. “बरं, खांब ठेवलाय कुठे?”

“हे आधी इचारायचं की, राव!” भाचा उठला. “देवळात हाय. रखवालदाराला कितींदा सांगितलं, त्यो म्हणायचा वर कळवतो. जत्रा झाल्यावर आमीच पुन्ना जोडणार व्हतो.”

सभामंडपात खांबाचे तुकडे कांद्याच्या बारदानात गुंडाळून ओळीने ठेवले होते. नटबोल्ट स्टीलच्या डब्यात. गावातली निम्मी पोरं कंपन्यांत फिटर, त्यामुळे कुठे ओरखडा नाही. वर कोणीतरी भंडाराही वाहिला होता. पंचनामा केला, एकही वस्तू कमी भरली नाही. चोरीला लबाडीचा हेतू लागतो, तो इथे नव्हता. साहेबांनाही पटलं. इंजिनीअरांनी अर्ज मागे घेतला.

पण खांब आता लावायचा कुठे? इंजिनीअर चाचरत म्हणाले, “मला खरं तर पलीकडची डोंगराची धार हवी होती. वारा तिथे जास्त. पण वाट तुमच्या शेतांतून जाते, तुम्ही नाहीच म्हणाल असं वाटलं.”

“इचारलं कुठं तुमी?” आजोबा कडाडले. “बांधाबांधानं वाट देतो. पर चक्की उभी करायच्या आधी गावाला घिऊन हिंडायचं. आन् जत्रंला यायचं!”

इंजिनीअर आले. भंडाऱ्याने माखून गेले. पुढे ग्रामसभेसोबत जागा चालून पाहिल्याशिवाय त्यांनी एकही जागा ठरवली नाही. भाच्याची पडताळणी स्वच्छ गेली. आता तो दुसऱ्या शिफ्टला असतो आणि ओव्हरटाइमच्या नावाने कुरकुरतो.

ठाण्यात आलेला कागद अनेकदा अर्धाच खरा असतो, बाकीचं जागेवर चालून कळतं, एवढं मी यातून शिकलो. कमी शिकल्याची धास्ती मला नोकरीभर राहिली, पण चालायला शिक्षण लागत नाही.

मावशी मात्र त्या जत्रेला आल्या नाहीत. “शिफ्टवाली पोरं उपाशी ऱ्हातील,” म्हणाल्या. माहेरची जत्रा त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. म्हणून ठरवलंय, आता निवृत्त होऊन गावी असलो तरी एका जत्रेला मी परभणीहून येईन, मावशींना एसटीत बसवेन आणि त्या दिवशी खानावळ मी चालवेन. भाकरी वेड्यावाकड्या होतील, पोरं शिव्या देतील, देऊ द्यात. मावशींनी माथ्यावर उभं राहून गाडे बघायचे.