मुनीमजी गल्लीत आले तेव्हा

नोकरीसाठी अर्ज केल्यापासून माझी भाची फोनवरची आपलीच छायाचित्रे पुसत बसली आहे. कामावर घेण्याआधी कंपनीतली माणसे उमेदवाराचे समाजमाध्यमावरचे पान उघडून पाहतात म्हणे. "त्यांनी पाहावं का गं?" तिने विचारले, आणि माझ्या नाकात एकाएकी ओल्या वाळ्याचा गंध भरून आला.

सत्तरचे दशक होते. मी बी.ए.ची परीक्षा देऊन बसले होते. घरात ठरले होते, नोकरी लागली तर मराठी घेऊन एम.ए., नाहीतर दिवाळीनंतर लग्न. गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या पेढीला टेलिफोनवर बोलायला मुलगी हवी होती. परगावच्या व्यापाऱ्यांचे ट्रंक कॉल यायचे; तारेतल्या खरखरीतून आपला शब्द सुखरूप पलीकडे न्यायचा, एवढेच काम. मी मुलाखतीला गेले. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, चुन्यासारखी पांढरी गादी, तिच्यावर शेठजी आणि काळ्या टोपीतले मुनीमजी. माझा घसा लाजाळूच्या पानासारखा मिटला. शेठजींना प्रत्येक उत्तर पुन्हा विचारावे लागले. अखेर ते मुनीमजींना हलकेच म्हणाले, "आवाज तो है ही नहीं." आणि मला म्हणाले, "चौकशी करून कळवू."

कुणालाही कामावर घेण्याआधी मुनीमजी त्याच्या गल्लीत जात आणि कारण न सांगता शेजाऱ्यांकडे विचारपूस करत, ही त्या पेढीची रीत होती.

ते आले तेव्हा वैशाखाची दुपार होती. आमच्या माडीच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती. नुकतेच पाणी मारलेल्या त्या ताटीच्या काड्यांतून मला आधी ती काळी टोपी दिसली, मग छत्री. हातातला तांब्या मी खाली ठेवला. मुनीमजी समोरच्या काकूंच्या ओट्यावर बसले आणि आमच्या दाराकडे बोट करून म्हणाले, "या घरच्या मुलीबद्दल जरा विचारायचं होतं."

आमच्या गल्लीत परका माणूस मुलीची चौकशी करतो ती एकाच कारणासाठी. काकूंनी पदर सावरला, पन्ह्याचा पेला पुढे केला.

"पोरगी म्हणजे गरीब गाय हाये जी. तोंडातून शब्द निघत नाही तिच्या."

"बोलतच नाही?" मुनीमजींचा पेला ओठांशी थांबला.

"कुठून बोलते! मी समोर राहतो, मले तिचा आवाज मालूम नाही. तुमचा पोरगा काय करते?"

मी ताटीला कपाळ टेकले. पाण्याचे थेंब भुवईवरून गालावर उतरत होते. काकू माझ्यावरच्या मायेनेच माझी नोकरी बुडवत होत्या, आणि खिडकीतून ओरडून सांगावे तर त्यांची गरीब गाय तिथेच खोटी पडली असती.

तेवढ्यात शेजारच्या घराचे दार उघडले. गिरणीत रातपाळी करणारे काका डोळे चोळत बाहेर आले. त्यांची झोप मोडली होती आणि माझ्यावरचा त्यांचा राग जुना होता.

"काहून खोटं बोलता वहिनी? आवाज मालूम नाही म्हणे. मी सकाळी ड्युटीवरून येऊन डोळा लावतो, अन् ही गच्चीवर उभी राहून कविता म्हणते. चौकातल्या पानठेल्यावर आयकू जाते."

"शब्द समजतात?" मुनीमजींनी विचारले.

"समजतात म्हणजे? उशी कानावर घेतली तरी समजतात. मले अर्ध्या पाठ झाल्या जी. म्हणून दाखवू?"

"तुमी चूप बसा न गा भाऊजी," काकू कळवळल्या. "चांगली सोयरीक मोडता पोरीची."

मुनीमजी हसले नाहीत. पेला खाली ठेवून ते उठले, आमच्या खिडकीखाली आले आणि वर न पाहताच म्हणाले, "बाई, सोमवारी या. सकाळी गच्चीवर बोलता तसंच बोला."

काकू बरेच दिवस विचारत राहिल्या, "मुलगा काय करते, ते सांगितलंच नाही वं त्यानं?"

भाचीला मी हेच सांगितले. काकूंचे बोलणे सासरसाठी होते, मुनीमजी ते पेढीसाठी ऐकत होते. तुझी छायाचित्रेही तू मैत्रिणींसाठी काढलीस. भलत्याने भलत्या कामासाठी ती वाचू नयेत. माझे काम काकांच्या मोडलेल्या झोपेने झाले. प्रत्येकीच्या शेजारी रातपाळीचा माणूस असेलच असे नाही. काय हवे ते पेढीने समोर बसवून विचारावे, आणि घसा मिटला तर घोटभर पाणी देऊन पुन्हा विचारावे. "पण पुसू नकोस," मी म्हटले, "त्या गच्चीवरच्या मला मी कुठे पुसले होते?"

त्या सोमवारी टेलिफोनची घंटा वाजली. रिसीव्हर काळा, जड, गार होता. पलीकडे रायपूरचे व्यापारी, मध्ये पावसासारखी खरखर. मी डोळे मिटले, सकाळची गच्ची आठवली, कडुनिंबाच्या मोहराचा कडसर वारा छातीत भरून घेतला आणि बोलले. पेढीवरचे कापड मोजणारे गज थबकले, उलगडते तागे थबकले. पलीकडून स्वच्छ उत्तर आले, "हां बहनजी, सब सुनाई दे रहा है."