फोन करून जाणारा बन्सीधर

बन्सीधरचे गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते. नोकरी तेवढी तीन महिन्यांची उरली होती. भूजलाच्या कामात एकतीस वर्षं गेली. वर्षातून चारदा ठरलेल्या विहिरींवर जायचं, टेप सोडायचा आणि काठापासून पाणी किती मीटर खाली आहे ते लिहायचं. टंचाईची गावं ठरवताना कार्यालय हेच आकडे बघतं. बहुतेक गावांत त्याला कुणी घोटभर पाणीही विचारत नसे. देवगाव फाट्यावरून आत असलेलं एक गाव तेवढं अपवाद. तिथल्या नर्मदाबाई जेवल्याशिवाय सोडत नसत, म्हणून तोही आदल्या दिवशी फोन करून जायचा.

यंदा मे महिन्यात त्यानं सकाळी 'उद्या येतो' म्हणून फोन केला. मग गुडघ्यांना दुसरी खेप नको म्हणून त्याच दुपारी तिकडे वळला. विहिरीत शेतातल्या बोअरचा पाइप सोडलेला होता, मोटार चालू व्हायची होती. तळाशी घागरभर पाणी.

"हे काय चाललंय, मावशी?"

नर्मदाबाई ओशाळल्या. "पाव्हण्याला कोरडी हीर कशी दाखवावी, भाऊ? दरसाली ह्येच करताव आमी, शेतवाला एका रातीपुरतं बोअर देतंय. अकरा सालं झाली."

"अन् टँकर?"

"मागितलं की. हापिस म्हणतंय तुमच्या हिरीला पाणी हाय."

"अवं, ते मी मोजतो त्याच्यावरच ठरतंय."

"ते आमाला कोण सांगितलं?"

कुणीच नाही. त्यानंही नाही. अकरा उन्हाळे इथल्या बाया दोन किलोमीटरवरून पाणी आणत होत्या आणि तो त्यांच्याच ओसरीवर पोटभर जेवून 'तुमची विहीर लय गुणाची' म्हणत होता. बाईंचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा, आणि मोठी लाज वाटली. त्यानं पाइप काढायला लावला आणि टेप सोडला. तेरा मीटर चाळीस.

कार्यालयात टंचाईची यादी करणाऱ्या प्रियंका मॅडमनी आकडा बघून मान हलवली. "काका, इथं मे महिन्यात नऊच्या आसपास असतं. तुमचं चुकलंय. सोमवारी यादी जाणार आहे."

नऊ लिहून सुखानं घरी जाता आलं असतं. एकतीस वर्षांत कुणी त्याच्या आकड्यावर बोट ठेवलं नव्हतं. त्यानं कोरा कागद ओढला आणि लिहिलं, की या विहिरीच्या मे महिन्याच्या अकरा वर्षांच्या नोंदी चुकीच्या आहेत, यंदाचीच बरोबर आहे. खाली सही केली.

"काका, चौकशी लागेल तुमची."

"लागू द्या. आता थकलो मी, पण हे नऊ पुन्हा लिहिणं न्हाई व्हायचं."

मॅडमनी कागद उचलून घेतला. "यादीच्या आधी मला स्वतः मोजून बघावं लागेल. मी येते तुमच्यासोबत."

बाहेर येऊन त्यानं नर्मदाबाईंना फोन लावला. "मावशी, परत येतो. कधी ते सांगणार न्हाई. हिरीत थेंब टाकू नका, अन् जेवायचंही काही करू नका."



"हिरीचं ऐकते," त्या म्हणाल्या. "पण मंग रोजच दोन भाकरी जास्तीच्या टाकाव्या लागतील की, भाऊ."