पाणी न पिणाऱ्या तिघी

"तिच्या कानावर जाऊ देऊ नको. नवी हाये, हसायचे दिवस हायेत तिचे. माहं आता काई फार दिवसाचं नाई."

माझ्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. मी माजघरात डाळ निवडत बसले होते आणि भिंतीपलीकडे सासूबाई शेजारच्या पद्माकाकूंना हे सांगत होत्या. नवी सून बोलत नाही म्हटलं की तिला ऐकूही येत नाही, असं लोक धरूनच चालतात. त्यामुळे त्या तीन महिन्यांत माझ्याजवळ किस्सेच किस्से जमले! आता त्या तिघी पोटभर पाणी पितात आणि मीठमसाला लावून स्वतःच हे सगळं सांगत सुटतात, म्हणून लिहायला हरकत नाही.

तिघी म्हणजे सासूबाई, पद्माकाकू आणि किन्हीराजाहून वरचेवर येणाऱ्या रुख्माआत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण.

*

पद्माकाकू जैन. दिवस मावळला की त्यांच्या घरात कुणीच पाणी घेत नाही. पण काकूंनी तो नियम अलीकडे अलीकडे ओढत थेट दुपारी बारापर्यंत आणला होता. मंदिरात बायका त्यांच्या पाया पडायला लागल्या. एक बाई तर सुनेला घेऊन आली, म्हणाली, यांच्याकडून शिक जरा.

शेवटी सासूबाईंनी विचारलंच, एवढं कडक व्रत कशासाठी? काकूंनी आधी दार लोटलं.

"व्रत कायचं व माय. पेलं की जा लागते, आन् गेलं की आग होते."

*

रुख्माआत्यांची तऱ्हा वेगळी. शिंक आली, खोकला आला, नातवाने हसवलं, की त्या पटकन पाय जुळवून उभ्या राहायच्या. एसटीत चढण्याआधी कंडक्टरची उलटतपासणी घ्यायच्या. गाडी कुठं कुठं थांबते, किती मिनिटं थांबते, तिथं आडोसा आहे की नाही.

एका फेरीला कंडक्टरने त्यांना पुढची सीट दिली, पिशवी स्वतः वर ठेवली, उतरताना नमस्कारही केला. आत्यांना काही उमगेना. मागून त्याने ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "चेकिंगची बाई हाये. गावठी लुगडं नेसून फिरून राह्यली."

*

सासूबाई एकदा धीर करून डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर पुरुष, वर सासऱ्यांच्या ओळखीतले. त्यांनी विचारलं, कुठं दुखतं? सासूबाई खाली बघून म्हणाल्या, "कंबर."

डॉक्टरांनी कमरेचा पट्टा दिला. सासूबाई इमानदारीने महिनाभर पट्टा आवळून फिरल्या. पोट दाबलं गेलं आणि मोरीच्या फेऱ्या दुप्पट झाल्या! पद्माकाकू म्हणाल्या, "आग खाली, पट्टा वर. असा कसा व उतार पडन?"

*

मग उपाय सुरू झाले. कडुलिंबाचं पाणी, तुरटी, जंतू मारायचा लाल साबण. साबणाने आग वाढली, तर काकूंना वाटलं की साबणच कमी पडतोय. दोनदाचं तीनदा झालं.

माझ्या अकोल्याच्या आईचंही अगदी हेच झालं होतं. तिला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की पाळी गेली की आतली कातडी पातळ होते, कोरडी पडते, म्हणून जळजळ होते, लघवीही सारखी लागते. साबण बंद कर, पाणी भरपूर पी, आणि हे नळीतलं मलम आत लाव. काही आठवड्यांत आई बरी झाली. पण पाळी गेल्यावर रक्ताचा डाग दिसला तर घरी बसायचं नाही, तपासूनच घ्यायचं, असंही त्यांनी बजावलं होतं.

हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण तीन महिन्यांच्या सुनेने सासूला हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

*

एका सकाळी सासूबाईंनी कोठीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. गल्लीत गाजावाजा झाला, सासू असावी तर अशी! सासरे पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे.

मला मात्र खरं कारण माहीत होतं. भिंतीपलीकडचं उरलेलं बोलणं मी ऐकलं होतं. आठ वर्षांपूर्वी पाळी गेलेली, आणि आता लुगड्यावर दोनदा डाग. सासूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हा तोच रोग, कॅन्सर. त्या आवराआवर करत होत्या.

त्या रात्री मी नवऱ्याला एकच वाक्य म्हणाले, "मला अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचंय."

*

सकाळपर्यंत बातमी गल्लीभर! कुणी चिंचा आणून दिल्या, कुणी लोणचं. सासऱ्यांनी मोजून तीन नावं सुचवली, तिन्ही मुलांची. सोबतीला कोण जाणार यावर भांडण होऊन शेवटी तिघीही निघाल्या. गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. आत्यांनी ड्रायव्हरला बजावलं, "गाडी हळू हाक, पोरीले धक्का बसन." मी चिंच चोखत बसले.

दवाखान्यात भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला. आम्ही चौघी एका बाकावर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय त्रास आहे?

जन्मात पहिल्यांदा बाई डॉक्टर समोर बसलेली. सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हिले आग होते जी. लई आग होते. आन् मधातच डाग दिसते."

पद्माकाकू पुढे सरकल्या. "पाणी पेवाले भेते ही."

"शिंकली तरी थेंब जातेत हिचे," आत्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. शेवटची पाळी कधी आली होती, त्यांनी मला विचारलं.

"आठ वर्षं झाले," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मी एकोणीस वर्षांची, हातात अजून हिरवा चुडा. तिघी माझ्याकडे बघत होत्या, जणू आता सगळं माझ्यावरच होतं.

तेव्हा मी तोंड उघडलं.

"डॉक्टरीणबाई, आग काकूंची, थेंब आत्यांचे, आणि डाग सासूबाईंचा. मला काही झालेलं नाही, मी खोटं बोलून यांना इथवर आणलंय. आधी सासूबाईंना आत घ्या. मी बाहेर बसते."